परसातील वेल आणि बाजारातील चूर्ण

मुंबईतील काही यकृतरोगतज्ज्ञांनी २०२१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत हे रुग्ण कावीळ व यकृतदाह यांची लक्षणे घेऊन त्यांच्याकडे आले होते. त्या सर्वांत एक गोष्ट सारखी होती. करोनाच्या भयाने, प्रतिकारशक्ती वाढावी या हेतूने, ते सारेच गुळवेलीचे सेवन करीत होते. सहांपैकी एक रुग्ण पुढे दगावला. आयुष मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये या लेखाचा निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचे जाहीर केले. रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखरच गुळवेल होती काय, याची डॉक्टरांनी खातरजमा केली नाही, हा मंत्रालयाचा मुख्य आक्षेप होता. गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्याच कुळातील दुसरी एक वेल यकृताला अपायकारक आहे व ती चुकून पोटात गेली असावी, असेही सुचविण्यात आले. पुढे २०२२ साली देशातील तेरा रुग्णालयांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि मुंबईच्या डॉक्टरांना पडलेली शंका अधिक गडद झाली. मंत्रालयाने त्याच वर्षी गुळवेल सुरक्षित असल्याचा पुनरुच्चार केला. तेथेच हा वाद थांबला. तो मिटला मात्र नाही.

या वादाकडे बहुतेकांनी आयुर्वेद विरुद्ध ॲलोपॅथी अशा जुन्याच चष्म्यातून पाहिले. ज्यांना आयुर्वेदाचा अभिमान त्यांना डॉक्टरांचा डाव दिसला; ज्यांना त्याविषयी अढी त्यांना आपले मत सिद्ध झाल्याचे समाधान लाभले. वस्तुतः या दोन्ही पक्षांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एक साधी गोष्ट ध्यानात येते. डॉक्टरांचे म्हणणे खरे असेल, तर काही विशिष्ट प्रकृतीच्या माणसांना गुळवेल अपायकारक ठरू शकते आणि तशी सूचना तिच्या बाटलीवर असावयास हवी. मंत्रालयाचे म्हणणे खरे असेल, तर गुळवेल म्हणून भलतीच वेल विकली जाते आणि ती ओळखण्याची कोणतीही सोय ग्राहकाजवळ नाही. वाद कोणीही जिंकला तरी हरतो तो ग्राहकच. म्हणूनच हा प्रश्न केवळ वैद्यकाचा राहत नाही. तो बाजारपेठेच्या व्यवस्थेचा, म्हणजेच अर्थशास्त्राचाही आहे.

आकड्यांचा अर्थ आणि अनर्थ

प्रथम आकड्यांविषयी सावध राहिले पाहिजे. सहा किंवा ४३ रुग्ण सापडले यावरून गुळवेल घेणाऱ्यांपैकी शेकडा किती लोकांना अपाय होतो, हे सांगता येत नाही. त्यासाठी एकूण किती लोकांनी ती घेतली हे माहीत असावे लागते, आणि करोनाच्या काळात देशात ही संख्या फार मोठी होती. अंश माहीत, छेद अज्ञात, अशा अपूर्णांकाची किंमत काढता येत नाही. तेव्हा गुळवेलीला विष ठरविणे हा उतावीळपणा होईल.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भारतातील औषधजन्य यकृतविकारांच्या नोंदींवर आधारलेला १,२८८ रुग्णांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ४६ टक्के रुग्णांच्या विकाराचे कारण क्षयरोगावरील आधुनिक औषधे हे होते. वनौषधींसह पर्यायी उपचारांचा वाटा सुमारे १४ टक्के होता. आधुनिक औषधे निर्धोक आहेत असे म्हणण्याची सोय हा आकडा ठेवीत नाही. परंतु दोहोंत एक भेद आहे. क्षयरोगाची गोळी देणाऱ्या डॉक्टरला ती यकृताला बाधू शकते हे ठाऊक असते. तो मात्रा ठरवितो, रक्त तपासावयास सांगतो, डोळे पिवळे दिसू लागताच गोळी थांबवितो. गुळवेलीचे चूर्ण घेणाऱ्याला मात्र ते बाधू शकते ही कल्पनाही नसते. डोळे पिवळे झाले तरी तो ते घेतच राहतो, प्रसंगी आजार बरा व्हावा म्हणून अधिकच घेतो! धोका औषधात असतो तितकाच तो अज्ञानातही असतो.

आणि हे अज्ञान थोड्याथोडक्यांचे नव्हे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७९ व्या फेरीत, जुलै २०२२ ते जून २०२३ या काळात, आयुष उपचारांविषयी प्रथमच स्वतंत्र पाहणी झाली. तीनुसार आधीच्या वर्षभरात ग्रामीण भागातील सुमारे ४६ टक्के व शहरी भागातील सुमारे ५३ टक्के लोकांनी प्रतिबंधासाठी वा उपचारासाठी आयुष पद्धतींचा अवलंब केला होता. सुमारे ८५ टक्के कुटुंबांत औषधी वनस्पती वा घरगुती औषधे यांची माहिती असणारी एखादी तरी व्यक्ती आढळली. वनौषधी हा काही मूठभर श्रद्धाळूंचा विषय नसून निम्म्या देशाच्या नित्याच्या व्यवहाराचा भाग आहे. म्हणूनच त्याकडे तुच्छतेने पाहणे जितके चूक, तितकेच त्याला केवळ श्रद्धेवर सोडणेही चूक.

रूढीने सांभाळलेले माप

आपल्याकडील घरगुती औषधाच्या परंपरेत सुरक्षिततेचा विचार नव्हता असे समजण्याचे कारण नाही. तान्ह्या मुलाच्या गुटीचेच उदाहरण घ्यावे. वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध अशी द्रव्ये सहाणेवर उगाळताना घरातील म्हाताऱ्या प्रत्येकाचे वेढे मोजीत. जायफळ हे गुंगी आणणारे, म्हणून त्याचा वेढा आवरता घ्यावयाचा, हे त्यांना कोणा पुस्तकाने शिकविलेले नव्हते. तो वेढा हेच मात्रेचे माप होते. आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत मातेच्या दुधाखेरीज काहीच देऊ नये असे सांगतात, व ते ऐकावयास हवे. वेखंडातील एका द्रव्याविषयी शंका असल्याने अमेरिकेने १९६८ मध्येच त्याचा अन्नातील वापर बंद केला, हेही विसरता येत नाही. तथापि मात्रेचे भान हा त्या रूढीचा गाभा होता, हे मान्य केले पाहिजे.

शास्त्राची भूमिका तर याहूनही कडक आहे. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात असे प्रतिपादन आहे, की गुराख्यांना, धनगरांना व वनवासी जनांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात. परंतु तेवढ्याने कोणी वैद्य होत नाही. देश, काल व रोग्याची प्रकृती पाहून तिची योजना जो जाणतो तोच खरा वैद्य. चुकीच्या रीतीने वापरलेले औषध विषासमान होते, हा विचारही तेथेच आहे. वनस्पती नैसर्गिक आहे म्हणून ती निरुपद्रवी आहे, हा सिद्धान्त आयुर्वेदाचा नाहीच. तो जाहिरातदारांचा आहे. अखिल भारतीय आयुर्वेद संमेलनाचा पाया १९०७ साली आपल्या नाशिकलाच घालणारे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी ‘वनौषधि गुणादर्श’ मराठीत लिहिला, तो वनस्पतींचे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोहोचावे म्हणून. त्या ज्ञानप्रसाराची जागा आज भिंतीवरील व पडद्यावरील जाहिरातींनी घेतली आहे.

मनमाडसारख्या गावात हे स्थित्यंतर उघड्या डोळ्यांनी पाहता येते. भोवतालच्या अवर्षणप्रवण मुलखात बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल शेतकऱ्याला लहानपणापासून परिचित असते. निंबावरची वेल उत्तम, तिचे बोटभर खोड ठेचून पाण्यात भिजत घालावे, ताप उतरला की बंद करावे, एवढे ज्ञान तिच्याबरोबरच पिढ्यान्‌पिढ्या येत असे. परंतु मनमाड हे रेल्वेचे जंक्शन. चहूकडील माणसे येथे उतरली, रेल्वेच्या कारखान्यात वा अन्न महामंडळाच्या गोदामांत कामाला लागली आणि चाळींत व वसाहतींत राहू लागली. त्यांना ना परस, ना निंब, ना वेढे मोजणारी आजी. त्यांच्या हाती येते ती औषधाच्या दुकानातील गोळी, किराणा दुकानातील रसाची बाटली किंवा रस्त्याच्या कडेला जडीबुटी मांडून बसणाऱ्याची पुडी. एक दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात बसण्यापेक्षा ही पुडी त्यांना स्वस्त पडते. या निवडीला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. उपलब्ध माहितीच्या आधारे त्यांनी केलेला तो हिशेबच असतो. दोष हिशेबात नाही, माहितीत आहे.

करोनाच्या काळात या माहितीत सरकारनेच भर घातली. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ व मिरे यांच्या काढ्याची शिफारस केली. त्यात द्रव्यांचे प्रमाण व मात्रा दिलेली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर झालेल्या आयुर्वेदीय उपचारसूत्रात गुळवेलीलाही स्थान मिळाले. शिफारस घरोघर पोहोचली, मात्रा मात्र वाटेतच गळाली. सकाळी काढा, दुपारी रस, रात्री गोळी, असे तिहेरी सेवन महिनोन्‌महिने करणारी कुटुंबे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तेरा रुग्णालयांच्या अभ्यासात सेवनाला आरंभ झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः दीड महिना लोटला होता, ही गोष्ट या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे.

विक्रेत्याचे ज्ञान, ग्राहकाचा विश्वास

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले त्यामागे हाच निबंध होता. त्याचे म्हणणे असे, की मोटारीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, चांगल्या मोटारीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि शेवटी वाईट माल तेवढा उरतो. वनौषधींच्या बाजाराला हे विवेचन तंतोतंत लागू पडते, किंबहुना येथील स्थिती अधिक बिकट आहे. मोटार घेतल्यावर निदान चार दिवसांत तरी तिचे दोष कळतात. गुळवेलीचे चूर्ण घेतल्यावर माणूस बरा झाला तर तो चूर्णाने की आपोआप, आणि आजारी पडला तर चूर्णाने की अन्य कारणाने, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही. जेथे अनुभव हा गुरू होऊ शकत नाही, तेथे बाजार स्वतःहून सुधारत नाही.

या साखळीच्या दुसऱ्या टोकाला वनस्पती गोळा करणारा माणूस असतो. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने करविलेल्या अभ्यासानुसार २०१४–१५ मध्ये देशातील कच्च्या वनौषधींची वार्षिक मागणी सुमारे ५ लाख १२ हजार टन होती. व्यापारात १,१७८ वनस्पती होत्या व त्यांपैकी २४२ वनस्पतींचा व्यापार प्रत्येकी वर्षाला शंभर टनांहून अधिक होता. करोनाच्या आरंभी केंद्र सरकारने गौण वनोपजांच्या आधारभूत किमती वाढविल्या, तेव्हा गुळवेलीचा भाव किलोला ४० रुपये ठरला. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील आदिवासींच्या संस्थेला ३५० टन गुळवेलीची सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मोठ्या कंपन्यांकडून आली. कातकरी तरुणांनी हे काम उभे करावे ही अभिमानाची गोष्ट होय. संस्थेमार्फत झालेल्या अशा खरेदीत माल कोठून आला याचा माग काढता येतो. परंतु बहुतांश माल गोळा करणारा, गावचा व्यापारी, शहरातील अडत्या, दळणारा, बाटली भरणारा अशा पाच-सहा हातांतून जातो. वजनावर पैसे मिळत असताना प्रत्येक वेल नीट पारखून घेण्याचा मोबदला कोणालाच मिळत नाही. ज्या कामाचा मोबदला नाही ते काम बाजारात होत नाही, हा साधा नियम आहे. आणि वेल एकदा दळली गेली, की तिचे पान हृदयाकृती होते की नव्हते, हे धन्वंतरीलाही सांगता येणार नाही.

ओळखीतील अशा गफलतीची किंमत केवढी मोठी असू शकते, हे बेल्जियमने दाखवून दिले आहे. ब्रुसेल्समधील एका चिकित्सालयात १९९० नंतर स्थूलपणा घटविण्यासाठी चिनी वनस्पतींची चूर्णे दिली जाऊ लागली. एका वनस्पतीच्या जागी नामसाधर्म्यामुळे दुसरीच, आपल्या सापसंदाच्या कुळातील, वनस्पती मिसळली गेली. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि पुढे त्यांतील अनेकांना कर्करोगाने ग्रासले. ही घटना भेसळीच्या दुष्ट हेतूने घडली नव्हती; दोन नावांतील साम्य एवढेच कारण त्यामागे होते. आपल्याकडेही अतिविष व बचनाग ही एकाच कुळातील भावंडे आहेत. पहिले मुलांच्या गुटीत पडते, दुसरे अत्यंत विषारी आहे.

कायदा आहे, पण कोणासाठी?

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आहे. त्याखालील नियमांत आयुर्वेदीय औषधांसाठी विषारी द्रव्यांची एक अनुसूची आहे. तीत बचनाग, कुचला, धोतरा, बिब्बा, गुंजा, कण्हेर अशी द्रव्ये येतात. यांपैकी कोणतेही द्रव्य असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. ही सूचना कोणत्या भाषेत असावी? नियम सांगतो, इंग्रजीत व हिंदीत. ज्या शेतकऱ्याला वा मजुराला केवळ मराठी वाचता येते, त्याच्यासाठी कायद्याने काहीही लिहिलेले नाही. शिवाय गुळवेल, ज्येष्ठमध, अडुळसा यांसारख्या सौम्य समजल्या जाणाऱ्या द्रव्यांचा या अनुसूचीत समावेश नसल्याने त्यांच्यासाठी ही सूचनाही लागत नाही. ग्रंथोक्त औषधाच्या परवान्यासाठी सुरक्षिततेचा नवा अभ्यास सादर करावा लागत नाही. ग्रंथाचा आधार पुरतो. ग्रंथकाराने त्या औषधाबरोबर जो वैद्य गृहीत धरला होता, तो मात्र परवान्यात कोठेच नसतो.

जाहिरातींच्या नियंत्रणाची कथा अधिक उद्बोधक आहे. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातींना पूर्वपरवानगी आवश्यक करणारा १७० क्रमांकाचा नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रालयाने राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांना त्याखाली कारवाई करू नये असे कळविले. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने तो नियमच वगळण्यात आला आणि २७ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने तो मूळ खटलाही बंद केला. पाच-सहा वर्षांत एका नियमाने एवढे हेलकावे खावेत, यावरून शासनाच्या मनातील दोलायमानता स्पष्ट होते. उद्योगाची वाढ साधावयाची आणि त्याच उद्योगावर देखरेखही ठेवावयाची, ही दोन्ही कामे एकाच मंत्रालयाकडे असली म्हणजे असे होणे साहजिकच आहे. याखेरीज तेच चूर्ण ‘औषध’ म्हणून न विकता ‘पूरक अन्न’ म्हणून अन्नसुरक्षा कायद्याच्या दारातूनही बाजारात आणता येते. ज्या दारावर पहारा सैल, त्या दाराने माल येतो, हे व्यापाराच्या इतिहासाने पुन्हा पुन्हा दाखविले आहे.

जे तारते ते मारूही शकते

ज्या वनस्पतीत गुण आणण्याची शक्ती आहे, तिच्यात अवगुण करण्याचीही शक्ती असते. याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचे रक्तदाबावरील परिणाम ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि या भारतीय मुळीने सारे वैद्यकविश्व चकित झाले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पारितोषिक मिळाले. परंतु त्याच मुळीतील द्रव्याने काही रुग्णांना तीव्र औदासीन्य येते, नाडी मंदावते, हेही पुढील काळात आढळून आले. गुण सिद्ध झाला म्हणूनच अवगुणाचा शोध घेण्याची निकड भासली. आपल्या वनौषधींचा गौरव खऱ्या अर्थाने झाला तो असा.

नेहमीच्या वापरातील काही द्रव्यांविषयी एवढे तरी प्रत्येक घरात माहीत असावे. ज्येष्ठमध खोकल्याला गुणकारी आहे, पण अधिक दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. रक्तदाबाच्या रोग्याने ते टाळावे. अडुळशातील द्रव्यावरून आधुनिक खोकल्याचे औषधही तयार झाले. परंतु त्याने गर्भाशयाचे आकुंचन होऊ शकते, म्हणून गरोदरपणी तो घेऊ नये. कोरफडीचा गर निराळा आणि पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक निराळा. हा चीक जालीम रेचक आहे. सोनामुखीची सवय लागली तर आतडी मंदावतात. मेथी व कारले यांनी रक्तातील साखर उतरते. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर त्यांचा मारा केल्यास ती धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा, अन्यथा तो घशात वा आतड्यात अडकतो. भाजीतील हळद निर्धोक आहे. परंतु तिच्या अर्काच्या गोळ्या, विशेषतः मिऱ्याच्या अर्कासह, घेतल्याने यकृतदाह झाल्याची उदाहरणे परदेशांत नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यानेही त्या वैद्याला विचारल्याखेरीज घेऊ नयेत. गुळवेलीच्या बाबतीत, ज्यांना यकृताचा जुना विकार आहे किंवा शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार आहे, त्यांनी विशेष सावध राहावे. कोणतेही औषध घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर ते तत्काळ बंद करून डॉक्टर गाठावा आणि काय काय घेतले ते न लपविता सांगावे.

हे न लपविण्याचे कलम डॉक्टरांनाही लागू आहे. काढ्याचे नाव काढताच जो डॉक्टर रुग्णावर खेकसतो, त्याच्यापासून रुग्ण पुढच्या वेळी सारेच लपवितो. तुच्छतेने वापर थांबत नाही. केवळ नोंद थांबते.

उपाय आवाक्यातला आहे

अशा प्रश्नाचा निवाडा कसा करावा, याचा वस्तुपाठ आपल्यापाशीच आहे. दुधी भोपळ्याचा रस प्रकृतीला उत्तम, अशी समजूत पसरलेली असताना दिल्लीत २०१० मध्ये कडू दुधीच्या रसाने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने या विषयाचा अभ्यास केला. तिने दुधीवर बंदी सुचविली नाही, की दुधीचा कैवारही घेतला नाही. रस काढण्यापूर्वी दुधीची फोड चाखून पाहावी, कडू लागल्यास रस पिऊ नये आणि पिऊन मळमळ, उलटी वा अस्वस्थता झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे, अशा आशयाच्या साध्या सूचना तिने दिल्या. गुळवेलीच्या बाबतीत प्रसिद्धिपत्रकाला प्रसिद्धिपत्रकाने उत्तर देण्याऐवजी वैद्य व डॉक्टर यांची अशीच संयुक्त समिती नेमली असती, तर एव्हाना देशाला उत्तर मिळाले असते. अजूनही वेळ गेलेली नाही.

दुसरे, महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वनौषधीवर वनस्पतीचे मराठी व शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरला आहे, मात्रा, किती दिवस घ्यावी व कोणी घेऊ नये, ही माहिती मराठीत छापण्याची सक्ती व्हावी. याला खर्च नगण्य आहे. तिसरे, आयुष औषधांच्या अपायांची नोंद करणारी यंत्रणा २०१८ पासून केंद्रीय पातळीवर अस्तित्वात आहे. तिचे अर्ज मराठीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात व नगरपालिकेच्या दवाखान्यात उपलब्ध असावेत. आज आपल्याला छेद माहीत नाही आणि अंशही पुरता माहीत नाही. नोंदीवाचून तो कधीच कळणार नाही.

चौथी गोष्ट तपासणीची. तिला मात्र पैसा लागतो, आणि लहान उत्पादकांचा आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. तपासणीचा खर्च दहा किलोच्या घाण्याला व दहा टनांच्या घाण्याला जवळपास सारखाच येतो. ती केवळ सक्तीची केली, तर गावोगावचे छोटे कारखानदार व आदिवासींच्या संस्था बाजारातून बाहेर पडतील आणि चार बड्या कंपन्या उरतील. यास्तव तपासणीची सोय सार्वजनिक असावी, जशी दूध संघात फॅट मोजण्याची असते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे. पेठ, सुरगाणा, कळवण यांसारख्या तालुक्यांतील वनोपज याच जिल्ह्यातला. त्यांची सांगड घालून जिल्ह्यासाठी ओळख व तपासणीची एक प्रयोगशाळा उभी करणे अशक्य नाही. पारखून आणलेल्या मालाला किलोमागे चार पैसे अधिक मिळू लागले, तर पारख करणे हाच गोळा करणाऱ्याचा व्यवसाय होईल. विदेशी ग्राहकांच्या आग्रहामुळे वनौषधींतील जड धातूंची तपासणी २००६ पासून सक्तीची झाली, ती प्रथम निर्यातीच्या मालापुरतीच. अमेरिकेतील ग्राहकाला जे संरक्षण देणे आपल्या उद्योगाला जमले, ते नांदगाव तालुक्यातील ग्राहकाला देणे जमणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

परसातील वेल आता बाजारात गेली आहे आणि ती परत येणार नाही. त्याबद्दल हळहळण्यात अर्थ नाही. तिच्यामुळे अनेक हातांना कामही मिळाले आहे. परंतु परसात तिच्याबरोबर ओळख, मात्रा व काळ यांचे जे ज्ञान नांदत होते, ते बाजारात तिच्यामागोमाग आपोआप गेलेले नाही. ते कायद्याने, नोंदीने व मराठीतील चार ओळींच्या सूचनेने तेथे पोहोचवावे लागेल. तसे झाले तर गुळवेलीची प्रतिष्ठा कमी होणार नाही, उलट वाढेल. न झाले, तर पुढच्या साथीत पुन्हा हाच वाद रंगेल आणि रुग्णालयांच्या नोंदींत आणखी काही नावांची भर पडेल.